मुंबईकर मंडळींनो, वाडीखालचा मळा चार महिने आमच्या हातात द्या

आपल्या मुंबईकर मंडळाचे पदाधिकारी, सभासद, आणि मळ्यात ज्यांचं ज्यांचं खाचर, म्हणजे भाताचं लहान शेत, आहे असे सगळे काका, भावोजी, वहिनी, आत्या यांना सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी गावच्या भाजीपाला संस्थेची सेक्रेटरी म्हणून लिहितेय आणि वाडीतली सून म्हणून पण लिहितेय. लग्न होऊन इथे आले त्याला १९ वर्षं झाली, त्यातली पहिली १३ वर्षं मी पण कुंभार्ली घाटातून उतरून आलेली भाजीच विकत घेत होते. सगळ्यांसमोर लिहितेय कारण एकेकाला फोन करून झालाय. जो तो म्हणतो माझी काही हरकत नाही, बाकीच्यांना विचार, आणि बाकीचे म्हणजे कोण ते सातबारा काढल्याशिवाय कळत नाही, आणि सातबारा काढला की एका खाचरावर १७ नावं निघतात, त्यातली ५ माणसं कधीच देवाघरी गेलेली, वारस नोंद कोणी केलेली नाही. म्हणून आता सगळ्यांना एकदमच सांगते.

मागणी एकच आहे. भात कापून झालं की दिवाळीपासून शिमग्यापर्यंत मळ्यातली तुमची रिकामी खाचरं संस्थेला भाजीसाठी द्या, सही करून द्या, आणि नुसती देऊन बाजूला होऊ नका, सभासद व्हा.

आता हे सगळं सुरू कसं झालं ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी स्वतः बघितलंय. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, तुम्ही मिळेल त्या गाडीने गावी आलात, घरात चारच्या जागी अकरा माणसं झाली आणि शृंगारतळीच्या बाजारात भाजीचा टेम्पो येईना. तेव्हा बचत गटातल्या आम्ही सात जणींनी विहिरीजवळच्या तीन खाचरांत माठ, मुळा, भेंडी टाकली. लाल माठ २५-३० दिवसांत काढायला येतो, तो पहिला माठ तुमच्याच घरी शिजला. पुढच्या वर्षी २२ जुलैला चिपळूण बुडालं, बाजारपेठ पाण्याखाली गेली, तेव्हा पण पुढचे काही दिवस वाडीने बांधावरची पडवळं, दोडके आणि तवसं खाऊन काढले. त्यानंतर संस्था नोंदवायचं ठरलं. आज ३१ सभासद आहेत, त्यात २२ बायका, आणि दीड एकराच्या आसपास भाजी होते.

दीड एकरावर आम्ही तीन वर्षं अडकलोय आणि पुढे जाता येत नाहीये, ते का ते नीट सांगते, कारण मुंबईत बसून असं वाटतं की माझी दोन गुंठे जमीन पड राहिली तर कोणाचं काय बिघडलं.

मळा आठवा. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, दोन्ही अंगाला उतरत गेलेली लहान लहान खाचरं, सगळी मिळून ४४, आणि सगळ्यांच्या भोवती एकच जुना दगडी बांध, गडगा. त्या ४४ पैकी १९ खाचरांत आता भात पण लागत नाही. तिथे रान माजलंय, माणसाच्या उंचीच्या वर गेलंय, रानडुकरं दिवसा तिथे बसतात आणि रात्री बाजूच्या खाचरात येतात. आम्ही लावलेल्या वांग्यांच्या शेजारी जर कोणाचं पड खाचर असेल तर ती वांगी आम्ही डुकरांच्या दारातच लावलेली असतात. दुसरं म्हणजे कुंपण. गडग्याच्या बाहेरून पूर्ण मळ्याला एक कुंपण घातलं तर लांबी ठरलेली आहे, खर्च ३१ घरांत वाटला तर पेलतो, पण मधली खाचरं सोडून एकेकाला वेगळं कुंपण घालायचं तर लांबी तिप्पट-चौपट होते आणि तरी भोकं राहतातच. गडग्यावर काम करायचं तर त्या बाजूच्या मालकाची परवानगी लागते आणि तो मालक विरारला, फोन उचलतो, हो म्हणतो, कागद देत नाही.

पाण्याचं पण तेच. आपल्याकडे पाऊस बघा केवढा, चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि जांभ्या दगडातून सगळं समुद्राला जाऊन मिळतं, फेब्रुवारीत विहिरीचा तळ दिसतो. पऱ्या नोव्हेंबरमध्ये वाहता असतो तेव्हाच अडवावा लागतो. आम्ही दरवर्षी वनराई बंधारा घालतो, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंडं शिवायची, विटा रचतात तसे सांधे चुकवून थर लावायचे, मधल्या फटीत चिखल लिंपायचा. एका रविवारी ४० माणसं असली की दुपारपर्यंत होतो. पाणी मागे फुगतं, विहिरींची पातळी टिकते, मिरची आणि वाली पार शिमग्यापर्यंत जातात. पण बंधारा घालायची चांगली जागा जी आहे, जिथे दोन्ही बाजूला कातळ आहे, तिथलं खाचर तुमच्यातल्याच एका कुटुंबाचं आहे आणि तिथे पाणी तुंबवू नका असा निरोप आला. का ते पण सांगितलं नाही. मग आम्ही खाली मऊ जागेत घालतो, तिथे अर्धं पाणी बुडातून झिरपून जातं. दरवर्षी तेवढीच मेहनत आणि अर्धंच पाणी. नाव घेत नाही, त्यांनी हे वाचलं तर त्यांना कळेल, आणि त्यांनी मला फोन करावा अशी मनापासून विनंती आहे, मी रागाने लिहीत नाहीये.

तुम्ही सही का करत नाही ते मला माहिती आहे. तोंडावर कोणी बोलत नाही पण माझ्या चुलत सासऱ्यांनी एकदा सरळ सांगितलं, म्हणाले सूनबाई, कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा कायद्याने जमिनीवर हक्क लागेल. ही भीती खोटी नाही आणि मी तिला हसत पण नाही. आपल्याच पट्ट्यात अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं संप केला, नारायण नागू पाटलांच्या मागे उभे राहिले, शेती करायची सोडून दिली, करवंदं आणि मोळ्या विकून दिवस काढले पण खोतापुढे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारापुढे, वाकले नाहीत. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करायचं बिल आणलं, पुढच्या वर्षी कोकणातले शेतकरी कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्यातून १९४८ चा कूळ कायदा उभा राहिला आणि १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक झाला. आपल्या वाडीतल्या निम्म्या घरांना मळ्यातलं खाचर मिळालं ते त्याच कायद्याने, तुमच्या माझ्या आजोबांना मिळालं. मला वाईट याचं वाटतं की जी जमीन कसतो म्हणून मिळाली ती आता कोणी कसू नये म्हणून कुलुपात ठेवलीय.

तर ही भीती कशी घालवायची यावर आम्ही वर्षभर डोकं लावलंय. खाचर संस्थेच्या नावावर होत नाही आणि संस्था तुमची भाडेकरू पण होत नाही. तुम्ही स्वतः सभासद, तुमच्या खाचरात पीक तुमचं, पीकपाहणीला नाव तुमचं. ई-पीक पाहणी आता मोबाइलवर होते, २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून फोटो काढून नोंद करायची असते, त्यासाठी हंगामात एकदा या, नाही जमलं तर काय करायचं ते तलाठी भाऊसाहेबांना विचारून आधी ठरवू. करार एका हंगामाचा, शिमग्याला संपतो, पुढच्या वर्षी परत सही. भात तुम्ही लावणार असाल तर जूनमध्ये खाचर मोकळं आणि शेणखत पडलेलं मिळेल. कागदाचा मसुदा आम्ही वकिलाकडून करून घेतलाय पण माझ्या शब्दावर जाऊ नका, तो मसुदा तुमच्या वकिलाला दाखवा, त्यात त्यांना जे बदलावंसं वाटेल ते लाल पेनाने मारून पाठवा, आम्ही बसून बघू. दोन वर्षांत एकाही घरातून मसुदा वाचून आक्षेप आलेला नाही कारण तो कोणी वाचलेलाच नाही, ग्रुपवर टाकला की खाली गुड मॉर्निंग येतात आणि तो वर निघून जातो.

दुसरा प्रश्न नेहमी येतो की हे सोसायटीचं लफडं कशाला, मंडळातले तीन-चार जण पैसे घालतील, बायकांना मजुरी देऊ, भाजी मुंबईला आणून विकू. ज्यांनी सुचवलं त्यांचा हेतू चांगलाच होता. पण मग आम्ही आमच्याच मळ्यात रोजाने जाणार, काय लावायचं ते फोनवरून ठरणार आणि पहिल्या वर्षी तोटा झाला की पैसे घालणारे थांबणार. सहकारी संस्थेत असं नसतं. १९६० च्या सहकार कायद्याने संस्था काढायला वेगवेगळ्या कुटुंबांतली किमान १० माणसं लागतात. आमच्या वाडीत निम्म्या घरांचं आडनाव एकच, त्यामुळे ही वेगवेगळी कुटुंबं आहेत हे पटवून द्यायला आम्हाला रेशनकार्डं घेऊन तीन फेऱ्या माराव्या लागल्या. शेअर एकाचे पाच असोत नाहीतर पन्नास, मत एकच. नफ्यातला पाव हिस्सा आधी राखीव निधीला टाकावाच लागतो आणि शेअरवर डिव्हिडंड १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. म्हणजे नुसते पैसे लावून कोणाला इथे मोठं होता येत नाही. आम्ही उरलेले पैसे ज्याने जितकी भाजी घातली त्या प्रमाणात वाटतो. तुम्ही सभासद झालात तर तुम्हाला पण एक मत, आणि गेल्या वर्षी लग्न होऊन आलेल्या मुलीला पण एक मत, तिच्या नावावर इंचभर जमीन नसली तरी. हे माझ्यासाठी फार मोठं आहे म्हणून जरा थांबते. आमच्या २२ बायकांपैकी सातबाऱ्यावर नाव असलेल्या चारच, त्यातल्या तीन विधवा. पहाटे पाचला वाफ्यात वाकणारी, जुड्या बांधणारी, टोपली डोक्यावर घेऊन पाखाडी चढणारी बाई कागदावर कुठेच नव्हती, संस्थेच्या वहीत पहिल्यांदा तिचं नाव आलं, किती किलो घातली त्याच्यासकट.

सगळं गोड गोड चाललंय असं सांगणार नाही, चुका झाल्या त्या पण ऐका म्हणजे सभासद होताना डोळे उघडे राहतील. पहिल्या हंगामात सगळ्यांनी एकाच आठवड्यात लाल माठ पेरला. लवकर येतो म्हणून. एका गुरुवारी साडेतीनशे जुड्या निघाल्या, शृंगारतळीत २० रुपयांची जुडी संध्याकाळी ५ ला कोणी घेईना, उरलेला गुरांना घातला आणि दोघी जणी रस्त्यातच रडल्या. तेव्हापासून पेरणीचा तक्ता करतो, कोणी कधी काय टाकायचं ते दसऱ्याला ठरतं, माठ आठ-आठ दिवसांच्या अंतराने, मुळा ४०-४५ दिवसांचा धरून, मांडवाची वेलभाजी ज्यांच्याकडे विहीर जवळ आहे त्यांच्याकडेच. हा तक्ता पाळायला लावणं हे बंधाऱ्यापेक्षा अवघड काम आहे. पाण्याच्या पाळीवरून भांडणं झाली, एक घर वर्षभर आमच्याशी बोलत नव्हतं. चांगली भाजी परस्पर होमस्टेवाल्यांना विकायची आणि उरलेली संस्थेच्या काट्यावर आणायची हे पण झालं, वेळणेश्वर आणि हेदवीला डिसेंबरात पर्यटक असतात, तिथे दर बरा मिळतो, मोह होतो माणसाला, मी समजू शकते. आता नियम असा की घरी खायला लागेल तेवढी घ्या, विकायची असेल तर सगळी काट्यावरून, आणि होमस्टेची ऑर्डर संस्थाच घेते.

कारल्याची तर एक अख्खी बाग गेली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं कोकण तारा वाण लावलं होतं, फळ धरलं सुरेख, आणि फळमाशीने आतून पोखरलं. आंब्याला लावतात तो रक्षक सापळा आणून आम्ही दहा ठिकाणी टांगला, सापळ्यात माश्या भरपूर आणि कारली तरी किडकी. दापोलीला फोन लावला तेव्हा कळलं की आंब्याच्या सापळ्यातल्या मिथाइल युजेनॉलला वेलभाजीची माशी येतच नाही, ती वेगळी, तिला क्यू ल्यूअरचं आमिष लागतं. डबा तोच चालतो, आतलं आमिष बदलायचं. एवढीशी गोष्ट, आणि तीन घरांचे चार महिने वाया. आता वहीत मागच्या पानावर अशा गोष्टी लिहून ठेवतो, पुढच्या माणसाला परत तेवढीच किंमत मोजायला लागू नये म्हणून.

आणि उनाड गुरं. भात कापलं की गुरं मोकळी सोडायची ही जुनी रीत, सगळी शेतं रिकामी असायची तेव्हा ठीक होती. पूर्वी वाडीला गुराखी असायचा, त्याला घरटी भात मिळायचं. कोंडवाड्याच्या आता नुसत्या भिंती उरल्यात. गेल्या वर्षीपासून आम्ही गुराखी परत ठेवलाय, गुरांमागे ठरलेले पैसे गुरंवाला देतो आणि तेवढेच संस्था घालते. हे चाललंय. हे चालू शकतं तर बाकीचं पण चालेल असं मला वाटतं.

तुम्ही गावासाठी काही केलं नाही असं माझं म्हणणं अजिबात नाही. देवळाचा जीर्णोद्धार तुम्ही केलात, शाळेला बाकं दिलीत, आजारी माणसाला केईएमला नेलं तर तुमच्याच घरी उतरायला जागा मिळते. हा गाव मनीऑर्डरवर जगलाय हे मी विसरत नाही. माझे सासरे स्वतः गिरणीत होते, १९८२ च्या संपात गावी आले आणि परत गेले नाहीत. हातात पैसा नव्हता, तर त्यांनी याच मळ्यात वायंगणाला, म्हणजे भातानंतरच्या दुसऱ्या पिकाला, वांगी-मिरची लावली आणि पऱ्यातलं पाणी कावडीने घालून दोन मुलं शिकवली. त्यांच्या हाताखालचं खाचर आज सामायिकात आहे आणि ते पड आहे. रोज सकाळी त्याच्यावरून जाते मी. माझ्या घरातल्याच सह्या मला मिळत नाहीत तर बाकीच्यांना काय बोलू, असं पण वाटतं, तरी बोलतेय.

वर्गणी मागत नाहीये. या वेळी मंडळाने पैसे नाही दिले तरी चालेल. शेअर १०० रुपयांचा आहे, एक घ्या. पण सही पाहिजे.

गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजता सहाणेवर बैठक ठेवलीय, त्या दिवशी परतीच्या गाड्या रात्रीच्या असतात म्हणून वेळ तशी धरलीय. येताना आठ-अ, सातबारा आणि तुमच्या सगळ्या सहहिस्सेदारांचे फोन नंबर घेऊन या, बहिणी-आत्यांचे पण, त्यांची नावं वारसात असतात आणि त्यांना कोणी विचारत नाही. वारस नोंद राहिली असेल तर त्याच दिवशी अर्ज भरून घेऊ, दोन मुलं लॅपटॉप घेऊन बसतील. ज्यांना यायला जमणार नाही त्यांनी संमतीपत्रावर सही करून कोणाबरोबर तरी पाठवा, ओरिजिनल पाठवा, फोटो चालत नाही. आणि मसुद्याबद्दल जे काही विचारायचं असेल ते बैठकीत सगळ्यांसमोर विचारा, माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारू नका, संस्थेचं काम मी बघते.

अजून एक. बंधाऱ्याला या वर्षी २५० गोण्या कमी पडतायत. कोणाच्या बिल्डिंगमध्ये काम चालू असेल तर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या झटकून, घडी करून गणपतीला येताना सामानाबरोबर टाका. फाटक्या नकोत, मातीने भरल्यावर टिकत नाहीत.

आपली,
वाडीतली सून आणि भाजीपाला संस्थेची सेक्रेटरी
तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी